दिवाळीला एकदम

पंचवटी, नाशिक
१२ जानेवारी १९९८

किशोरभाऊजी,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडण.

लग्न करून तुम्ही अकोल्याला गेलात, तेजस्विनीनं संसार मांडला असेल, गॅस मिळाला का, पाणी कसं आहे, हे सगळं मला विचारायचं आहे. पण तुमचे दादा अजून तोंड फुगवून बसलेत आणि माझ्या मते त्यांचं काही चुकलेलं नाही. साखरपुड्याच्या पंगतीत तुमचे होणारे सासरे मांडीला मांडी लावून बसलेले. दादा आपले कौतुकानं सांगत होते, अशोकनगरला फ्लॅट बघून ठेवलाय, कंपनीपासून पायी जाता येईल, बँकेत अर्ज टाकलाय. आणि तुम्ही जिलबी मोडता मोडता म्हणालात, "दादांना नाही मिळायचं कर्ज. त्यांचं नाव थकबाकीदारांत आहे."

माणूस भरल्या ताटावरून उठला हो. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आमटीत मीठ जास्त पडलं म्हणूनही हे कधी ताटावरून उठले नाहीत.

त्याच बँकेत चिकटून तुम्हाला अजून वर्ष झालं नाही. तुम्ही नववीत असताना आमच्याकडे शिकायला आलात, तेव्हापासून मी तुम्हाला अहोजाहो करते. तुमच्या डब्यातल्या पोळ्या मी लाटल्यात, तुमच्या परीक्षेच्या फिया ह्यांच्या ओव्हरटाइममधून गेल्यात. हे उपकार म्हणून काढत नाही. राग आला की माझ्या तोंडाला आवर राहत नाही, तुम्हाला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. मला एक कोडं सोडवून द्या. स्कूटरचं कर्ज आम्ही त्र्याण्णवला काढलं आणि शहाण्णवला फेडलं. एक पैसा बुडवला नाही. मामंजी गावाकडे सोसायटीचं कसं फेडतात? पीक आलं की एकदम. हेही तसेच फेडत आले. दिवाळीचा बोनस झाला की साठलेले सगळे हप्ते एकदम, उन्हाळी कांदा लासलगावला गेला आणि घरचा वाटा आला की पुन्हा एकदम. वर कॅशियरसाठी पेढे. दंडव्याज लागलं तेही मुकाट भरलं. मग आम्ही थकबाकीदार कसे? ज्यानं बुडवलं त्याला काय म्हणतात मग?

मला समजेल असं लिहा. पत्र सखुबाईंच्या नावानं पाठवा, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे त्या माझ्याकडूनच वाचून घेतील. ह्यांना कळलं तर ते मलाही दाराबाहेर उभं करतील.

घर तर हवंच आहे. दोन खोल्यांत आई, आम्ही दोघं आणि आमची तृप्ती, किती दिवस काढायचे? पण खरं सांगू का, ह्यांना घराचं तेवढं नाही. ह्यांना तुमच्या तोंडून गेलेलं ते नाव परत हवंय. बँकेच्या रस्त्यानं जायचं नाही म्हणून हे हल्ली सातपूरला कंपनीत लांबच्या वळशानं जातात.

आशीर्वाद आहेतच. रागावल्यामुळे कमी झालेले नाहीत.

तुमची वहिनी,
ज्योत्स्ना


३ मार्च १९९८

भाऊजी,

पत्र मिळालं. सखुबाईंनी ते हक्कानं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "वाच की गं, माझ्या नावानं आलंय." मग त्यांना आधी सगळं वाचून दाखवावं लागलं. दंडव्याज, मुदत, शिस्त, सगळं ऐकून घेतलं त्यांनी. शेवटी म्हणाल्या, पोरगं हुशार हाय पण लय कोरडं लिहितं.

मला मात्र समजलं. म्हणजे असं, की बँक पैसे आले की नाही एवढंच बघत नाही, कधी आले तेही बघते. महिन्याचा हप्ता महिन्याला. आम्ही पाच महिने गप्प आणि सहाव्या महिन्याला थैली घेऊन हजर, तर बँकेच्या लेखी ते पाच वेळा चुकले. थैली आली म्हणून चुकलेले पाच पुसले जात नाहीत. अरे देवा. म्हणजे पेढे फुकट गेले म्हणायचे.

आणि शेतीच्या सोसायटीचा कायदा वेगळा, पगारदाराचा वेगळा, हेही पटलं. शेतकऱ्याला दर महिन्याला पीक येत नाही हे सोसायटीला माहीत असतं. ह्यांना दर महिन्याला पगार होतो हे बँकेला माहीत आहे. मग पगार होऊनही देत नाही म्हणजे माणसाची नियत बरी नाही, असं त्यांना वाटणारच. मीही बँक असते तर मला असंच वाटलं असतं. हे मी ह्यांच्यासमोर मरेपर्यंत म्हणणार नाही.

तुम्ही औषध सांगितलंत तेही कळलं. जुनी नोंद खोडता येत नाही, पण तिच्यावर चांगल्या महिन्यांचे थर चढवता येतात. छोटं कर्ज काढायचं, तारखेच्या आत भरत राहायचं, मग दोन-तीन वर्षांनी पुन्हा मोठ्या कर्जाचं विचारायचं. नोंद जितकी जुनी होईल तितकी तिची धार कमी होते, असं तुम्ही लिहिलंय. माणसाच्या शब्दाचंही तसंच असतं का हो? असलं तर बरं.

अडचण अशी, की ह्यांना दर महिन्याला थोडं थोडं देणं म्हणजे कमीपणा वाटतो. म्हणतात, चार-चार आणे मोजून द्यायला आपण काय वाण्याकडे उधारी ठेवलीय? द्यायचं तर मर्दासारखं एकदम द्यायचं. आणि बँकेचा उंबरा तर त्यांनी वर्ज्यच केलाय.

बघते काय करता येतंय ते. मी आजवर ह्यांना दोन गोष्टी करायला लावल्यात, दाढी रोज करणं आणि भेंडी खाणं. ही तिसरी.

तेजस्विनीला म्हणावं, अकोल्याच्या उन्हात कोथिंबीर टिकत नसेल तर ओल्या फडक्यात ठेव.

वहिनी


२ नोव्हेंबर १९९८

भाऊजी,

हसायची तयारी ठेवा.

मी ह्यांना बँकेत कसं पाठवलं ते आधी सांगते. मला शिलाई मशीन हवं होतं, चांगलं, मोटरचं. पंचवटीतल्या साडीवाल्यांकडून फॉल-पिकोचं काम मिळतंय. मी सहज म्हणाले, माझा भाऊ फकिरा देतो म्हणतोय पैसे. बस. दुसऱ्या दिवशी हे पँटला इस्त्री करून बँकेत. मेव्हण्याकडून पैसे घेण्यापेक्षा बँकेचा उंबरा परवडला. मॅनेजरांनी जुनं काढलंच. म्हणाले, रंगनाथराव, स्कूटरला तुम्ही फार दमवलं होतं आम्हाला. ह्यांचे कान तापले म्हणे, पण मशीनची रक्कम लहान होती, मशीनच तारण राहणार होतं, म्हणून दिलं.

हप्ता पाच तारखेला. कंपनीचा पगार सातला. सातपूरच्या निम्म्या कारखान्यांचं हेच आहे, आणि बँकेला ह्याचं काही देणंघेणं नाही. मग मी काय केलं, फॉल-पिकोच्या पैशातून हप्ता आधीच बाजूला काढायचा आणि महिन्याच्या सुरुवातीलाच स्वतः जाऊन भरायचा. ह्यांना एका शब्दानं सांगितलं नाही. हे आपले निवांत. त्यांच्या डोक्यात हिशेब पक्का, दिवाळीला एकदम.

तर दिवाळी आली. बोनस झाला. ह्यांनी नवा शर्ट घातला, पेढ्यांचा पुडा घेतला आणि ऐटीत बँकेत गेले. कॅशियरसमोर नोटा ठेवल्या आणि म्हणाले, मशीनचे सगळे हप्ते घ्या. कॅशियर म्हणाला, कुठले हप्ते? तुमचं तर या महिन्याचंही येऊन पडलंय.

घरी आले ते आभाळ फाटल्यासारखे. मी काय मेलोय का, म्हणाले. माझ्या नावाचं कर्ज तू परस्पर भरतेस, तो कॅशियर हसला माझ्याकडे बघून. आईंनी ह्यांची बाजू घेतली. दोन दिवस घरात नुसती भांडी बोलत होती. माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, हसला तो पेढे मिळाले म्हणून हसला, आणि लाज वाटत असेल तर पुढच्या महिन्याला स्वतः जा.

तर गेले की! परवा पहिल्यांदा हे स्वतः हप्ता भरायला गेले, तारखेच्या आधी. येऊन म्हणतात, कॅशियरनं खुर्ची दिली. सहा महिन्यांचं एकदम भरत होतो तेव्हा कधी बस म्हणाला नव्हता, आणि एका हप्त्याला खुर्ची. मला हसू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

तुमचं नाव अजून घरात निघत नाही. पण परवा दिवाळीचा फराळ डब्यात भरताना हे म्हणाले, अनारसे कोणाला आवडतात माहीत आहे ना. एवढंच म्हणाले. तुमचे अनारसे सोबतच्या पार्सलात आहेत. अर्धे फुटले असतील, फुटलेले आधी खा.

वहिनी


१९ ऑगस्ट २००१

भाऊजी,

तुमच्या मुलीचा फोटो पाहिला. नाक तुमच्यावर गेलंय, बाकी देवानं भलं केलंय. फोटो मी मशीनच्या खणात ठेवलाय. हे खण उघडत नाहीत, सुया असतात म्हणून. पण हल्ली फोटो मी ठेवते त्याच्या उलट्या बाजूनं सापडतो. मी काही विचारत नाही.

बँकेचं सांगते. मशीनचं कर्ज फिटलं, मग फ्रिजचं काढलं, तेही तारखेच्या आत चाललंय. हे आता ह्या बाबतीत इतके काटेकोर झालेत की वीट यावा. पाच तारखेला रविवार आला तर शुक्रवारीच भरून येतात. कंपनीत कोणी हप्ता चुकवला असं कळलं की त्याला जेवणाच्या सुट्टीत धरून बसतात. सहादू म्हणून ह्यांचा मित्र आहे, तो मला म्हणाला, वहिनी, रंगनाथला आवरा, आमचा डबा गोड लागू देत नाही.

म्हणून मे महिन्यात पुन्हा घराचा अर्ज टाकला. नवे मॅनेजर आलेत. त्यांनी नीट बसवून सांगितलं. म्हणाले, शेवटची तीन वर्षं उत्तम आहेत, पण त्यामागे स्कूटरची तीन वर्षं दिसतात. मी कर्ज देईन, पण तुम्ही मागताय त्याच्या निम्मं, बाकीचं तुम्ही घाला. एवढे पैसे कुठले आणायचे? मग ते म्हणाले, घाई नसेल तर आणखी दोन वर्षं असंच चालू ठेवा आणि या.

मला वाटलं आता हे पुन्हा फुगणार. पण बाहेर आल्यावर म्हणाले, आपण बी पेरून दुसऱ्या दिवशी उकरून बघत नाही. आणि मला रसवंतीत नेऊन रस पाजला. 

पण भाऊजी, खरी परीक्षा त्यानंतर झाली. जूनपासून कंपनी बंद आहे. ऑर्डर नाहीत म्हणून घरी बसवलंय, पगार नाही. सातपूरला एका लहान वर्कशॉपमध्ये हे जातात, मिळेल त्या रोजावर. जुलैचा फ्रिजचा हप्ता आला तेव्हा घरात खरंच काही नव्हतं. माझं कामही श्रावणाआधी मंदावतं. मी म्हटलं, एक महिना जाऊ द्या, बँकेला सांगू, माणसंच आहेत तीही. हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायी घरी आले.

स्कूटर विकली.

ज्या स्कूटरपायी नाव गेलं तीच विकली हो, नाव जपायला. मी त्या दिवशी खूप रडले. हे मात्र म्हणाले, बरं झालं, फार पेट्रोल पीत होती. आता मामंजींची जुनी सायकल गावाहून आणलीय, तिच्यावरून सातपूर. पोट कमी झालंय.

तुम्ही मनिऑर्डर पाठवू नका. पाठवाल म्हणून लिहिते. पैसे नकोत. एक ओळ दादांच्या नावानं लिहिलीत तर पुरे. ते मी किती वेळा सुचवलं, तुम्ही दर पत्रात व्याजाचे दर लिहिता आणि तेवढं सोडून देता.

वहिनी


१० सप्टेंबर २००३

किशोर,

आज अहोजाहो नाही.

तू सिंहस्थाला आला होतास. सासूसासऱ्यांना घेऊन रामकुंडावर स्नान केलंस. सखुबाईंनी तुला डोळ्यांनी पाहिलं, तुझं नाक सहज ओळखू येतं. रामकुंडापासून आमचं दार किती लांब आहे रे? त्या गर्दीतही चालत दहा मिनिटं. आई दारात बसलेली असते दिवसभर, माणसं बघत. तिचं वय झालंय. तुझी लेक तिनं अजून मांडीवर घेतलेली नाही.

मी चिडलेय म्हणून लिहितेय आणि चिडलेय तोवरच पोस्टात टाकणार आहे, नाहीतर फाडून टाकीन.

तुला लाज वाटत असेल हे मला कळतं. बोललास ते खोटं नव्हतं, हेही मला तुझ्याच पत्रातून कळलं. पण ते चारचौघांत बोलायचं नव्हतं, दादाला बाजूला घेऊन सांगायचं होतंस. हे तुला कळलंय, मी ओळखते. म्हणून तर पाच वर्षं माझ्या प्रत्येक पत्राला आठ दिवसांत उत्तर येतं. मला औषध सांगत बसलास, स्वतः मात्र घेतलं नाहीस. तूच लिहिलं होतंस ना, गप्प राहिलेला प्रत्येक महिना चुकलेला धरतात?

कंपनी मागच्या वर्षी सुरू झाली. ह्यांचा पगार नियमित आहे. हप्ते नियमित आहेत. घराचा अर्ज तिसऱ्यांदा गेलाय. सखुबाईंनी सिंहस्थात आमची एक खोली यात्रेकरूंना दिली होती, दोन महिने आम्ही चौघं एका खोलीत. राजस्थानचे लोक होते, रोज आम्हाला चुरमा द्यायचे. तृप्तीचं वजन वाढलं. त्रास झाला असं म्हणवत नाही.

ह्याचं उत्तर आलं नाही तरी चालेल.

ज्योत्स्ना


अशोकनगर, सातपूर
६ जून २००४

भाऊजी,

वरचा पत्ता नीट वाचा. पुन्हा वाचा.

कर्ज मंजूर झालं. आम्ही मागितलं तेवढं, पूर्ण. आता ते मॅनेजर बदलून बाई आल्यात. त्यांनी पुढचंमागचं सगळं काढून पाहिलं आणि ह्यांना विचारलं, तुम्ही कंपनी बंद असतानासुद्धा हप्ता कसा भरलात? हे म्हणाले, सायकलवर. बाईंना काही कळलं नाही पण त्या हसल्या. म्हणाल्या, स्कूटरचं जुनं झालं आता, एवढ्या वर्षांचं चांगलं वागणं समोर असताना मी ते धरत नाही.

गंमत सांगते. अठ्ठ्याण्णवला मिळालं असतं तर जेवढं व्याज पडलं असतं, त्याच्या जवळपास निम्म्या दरानं आता मिळालं. मी म्हटलं, बघा, थांबल्याचा फायदा. हे म्हणाले, आणि फ्लॅटची किंमत वाढली ती? मी म्हटलं, ती बाजू आज बघायची नाही.

आई चिडल्यात, कारण दारात बसलं तरी इथं तिसऱ्या मजल्यावर माणसं दिसत नाहीत. त्यांना गॅलरीत खुर्ची टाकून दिलीय. तिथून त्या खालच्या भाजीवाल्याशी भाव करतात. पंचवटीपर्यंत ऐकू जात असेल.

वास्तुशांतीला तुमची वाट पाहिली. गुपचूप पाठवलेली पत्रिका माझ्या अक्षरातली होती म्हणून आला नाहीत का? ह्यांच्या अक्षरातली हवी होती? दोघं भाऊ एकाच मातीचे. तुम्ही म्हणता दादांनी बोलवावं, ते म्हणतात त्यानं आधी बोलावं, त्याचं तोंड मी धरलं नव्हतं.

आणि एक सांगायचं आहे, ते सांगावं की नाही असं दोन दिवस मनात चाललंय. पूजा झाली, माणसं गेली, मी म्हटलं, झालं एकदाचं आपलं घर, आता तरी हसा. हे नव्या भिंतीवरून हात फिरवत होते. म्हणाले, बँकेनं नाव परत दिलं गं. ज्यानं घेतलं त्यानं कुठं दिलंय.

मी तुमच्यावर काही लादत नाही. घडलं ते लिहिलं.

वहिनी


१५ फेब्रुवारी २००६

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. माझ्या नावानं नाही, सखुबाईंच्या नावानं नाही. श्री. रंगनाथ पुंजा, ह्यांच्या नावानं.

मी मशीनवर होते. पोस्टमनकडून हेच घेऊन आले. पाकीट उलटसुलट केलं आणि पहिला प्रश्न काय, तर किशोरला नवा पत्ता कुठून कळला? मी म्हटलं, सखुबाईंनी कळवला असेल. हे म्हणाले, "सखुबाईंना लिहिता येत नाही." आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी मशीनचं चाक जोरात फिरवलं. पुढे काही विचारलं नाही, शहाणे आहेत.

मग खुर्चीवर बसून त्यांनी पत्र वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं काही वाईट आहे की काय. मी उठून आले तर पत्र माझ्या हातात दिलं आणि गॅलरीत आईंजवळ जाऊन उभे राहिले.

तुम्ही अकोल्याला घर घेताय. छान. कर्जाला जामीनदार लागतो. बरं. तुमचे सासरे पेन्शनर मास्तर आहेत, तुमच्या शाखेत हाताखाली-वरती दहा माणसं आहेत, त्यांतला कोणीही आनंदानं सही करील. हे मला कळत नाही असं समजू नका. आणि तुम्ही लिहिलंय, दादा, तुम्ही जामीन राहाल का? मी आमच्या साहेबांना तुमचं नाव दिलं, त्यांनी नाशिकला चौकशी केली, आणि ते म्हणाले, असा जामीनदार असेल तर दुसरा बघू नका. आणि खाली लिहिलंय, तेव्हा जे बोललो त्याची लाज वाटत आली आहे, रोज.

भाऊजी, एवढं सोपं होतं. आठ वर्षं लावलीत. पण मी आज भांडणार नाही, आज मला भांडता येत नाही.

हे गॅलरीतून आले ते डोळे पुसूनच आले. मग लगेच गंभीर झाले. म्हणाले, जामीन राहायचं म्हणजे पोरखेळ नाही. त्यानं भरलं नाही तर माझ्यावर येईल, माझी नोंद बिघडेल. मी म्हटलं, मग नाही म्हणून कळवा. हे म्हणाले, मी नाही कुठं म्हटलं, मी जबाबदारी समजावून सांगतोय. तेव्हापासून समजावून सांगणं चालूच आहे. आईंना सांगून झालं, तृप्तीला सांगून झालं, खालच्या भाजीवाल्यालाही सांगून झालं, की "माझ्या धाकट्या भावाला बँकवाला असून माझाच जामीन लागला." सहादू आला होता, त्याला तर तिखटमीठ लावून सांगितलं. आठ वर्षांनी ह्यांनी तुम्हाला माझा भाऊ म्हटलं, भाऊजी. मी आत कणीक मळत होते. मळायची थांबले.

सही पोस्टानं पाठवायची नाही, साहेबांसमोर करायची असं ह्यांनीच ठरवलंय. येत्या शनिवारी नाशिकरोडहून गाडीत बसतोय, आईंना घेऊन. आई म्हणतात, नात मांडीवर घेतल्याशिवाय मी मरत नाही आणि घेतल्यावरही मरणार नाही. रविवारी तुमच्याकडे, सोमवारी बँकेत. तेजस्विनीला म्हणावं, दगदग करू नको, पिठलं-भाकरी केली तरी चालेल. दादा समोर आले की पाया पडा आणि गप्प बसा. लाजेचं वगैरे पुन्हा काढू नका, ते रडतील आणि मग मला दोघांना आवरावं लागेल. त्यांच्या शेजारी जेवायला बसा म्हणजे झालं.

काल संध्याकाळी हे रविवार कारंजाच्या बाजारात जाऊन आले. नवं पेन आणलंय, चांगलं जाड निबाचं. आल्यापासून जुन्या वर्तमानपत्रांच्या कडांवर सह्या करून बघताहेत, आणि दर सहीला मला विचारताहेत, नाव नीट वाचता येतंय ना?

तुमची वहिनी,
ज्योत्स्ना